दादा, तुझा कॅमेरा मी फोडला

तीर्थस्वरूप देवरामदादा यास,

(तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप ते स्नेहलला विचारलं. तिलाही नाय माहीत. तुला जे शोभेल ते लावून घे.)

संजीवनीचा नमस्कार. आमी इकडे सगळी धड आहोत. तू बरा असशील. नसशील तर डॉक्टरकडे जा, मला कळवून मी शहापुरातून काय करणार. राहीवहिनीच्या गुडघ्याचं ऐकलं, तिला म्हणावं जिने कमी चढ. फोन करत नाय, कारण तू "हं, हं" करतोस आन् ठेवतोस. नऊ वर्षांत तो "हं"सुद्धा दिवाळीपुरताच. कागद तरी शेवटपर्यंत वाचशील, लहानपणी तू भज्यांच्या पुडीचा कागदही वाचून मग टाकायचास. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर तसंच येणार.

आता सरळ सांगते. बाबांचा कॅमेरा मी फोडला. म्हणजे हाताने सुनिलने फोडला, पण मी समोर स्टुलावर बसून फोडून घेतला. तोच कॅमेरा, ज्याच्यावरून बाबांच्या तेराव्याला आपलं वाजलं. तू म्हणालास बाबांनी मला दिलाय, मी म्हटलं मी देणार नाय, आन् पिशवीत घालून त्यावर बसून राहिले. तू भरल्या पंगतीतून उठलास आन् वापीची गाडी धरलीस, तेव्हापासून अजून आला नायस. (पंगतीतून उठायला नको होतं. तुझ्यासाठी बुंदी वेगळी काढून ठेवली होती.)

झालं असं. तुझी भाची स्नेहल आता लग्नांचे फोटो काढते. तिचा नवा कॅमेरा सगळं आपलं आपण करतो, माणसाने फक्त धरायचा. पण तिला कुठूनसं कळलं की जुन्या कॅमेऱ्याची काच नव्याला बसवली की उजेड मऊ येतो, चेहरे जुन्या फोटोंसारखे दिसतात. महिनाभर माझ्या मागे. मी म्हटलं, तो मामाचा आहे. ती म्हणे, मामा कुठंय? मी चिडले, आन् चिडले की काहीतरी करून मोकळी होते, तुला माहीत आहे. उठले, कॅमेरा फडक्यात बांधला आन् सुनिलकडे नेला. हा सुनिल म्हणजे स्टँडामागचा लेथवाला, पाण्याच्या मोटारींचे बुश बनवतो. हाताला कसब आहे, तोंडाला तंबाखू. आपल्या कॅमेऱ्याची काच सुटी होत नाय, अंगालाच धरून असते, म्हणून तो खोलावा लागला.

सुनिलने पुढची नळी फिरवायला घेतली, हलेना. तेल सोडलं, पक्कड लावली, आन् आतून पडलं काय, तर कुंकू. मग हळद. मग झेंडूची सुकी पाकळी. सुनिल म्हणतो, "ताई, हा कॅमेरा आहे का देव्हारा?" मी म्हटलं, तू आपलं काम कर. दादा, दर खंडेनवमीला मी त्याची पूजा करत होते. विळा, कोयता, पाटा, शिलाई मशीन आन् शेवटी तुझा कॅमेरा. हत्यारवाला गावात नाय म्हणून हत्याराने काय बिनपूजेचं राहायचं? कॅमेऱ्याचं कपाळ कुठं असतं ते मला कळेना, म्हणून काचेच्या कडेलाच ओल्या बोटाने लावायचे. नऊ वर्षांचं कुंकू आत झिरपेल हे मला काय ठाऊक.

तुला म्हशाची जत्रा आठवते का? बाबा फोटोसाठी मोराचा पडदा लावायचे. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की माणूस दोन दिसायचा, एक खरा आन् एक फिकट, बाजूला सरकलेला. नळी फिरवत दोघांना एकावर एक बसवायचं, मगच बटण दाबायचं. तू चोरून मला फिरवायला द्यायचास, आन् मी इतका वेळ लावायचे की पडद्यापुढचं जोडपं उभ्या उभ्या भांडायला लागायचं. नव्या कॅमेऱ्याला त्या खिडकीचं काम नाय. सुनिलने ती पत्र्याच्या डब्यात टाकली. मी उचलून डोळ्याला लावली, तर सुनिल एकच दिसला, तोही वाकडा. ती फडक्यात बांधून घरी आणली.

मग कडीचं. काच नव्या कॅमेऱ्यावर बसवायला पितळेची कडी लागते, ती नेमक्या जाडीची. सुनिल घासायचा, स्नेहल लावून बघायची, परत घासायचा. पाचव्या वेळी मी म्हटलं, बस झालं, माझं दळण गिरणीत पडलंय. त्याने तशीच दिली. पाव सूत जाड राहिली, आन् तेवढ्याने आठ फुटांपलीकडचं सगळं धुकं. हे स्नेहलला कळलं डोळखांबच्या लग्नात. (दुसरी काच तिने हट्टाने घरी ठेवली होती. हट्टात कोणावर गेलीय ते विचारू नकोस.) नवरा-नवरी देवासारखे, आन् मागे तीनशे वऱ्हाडी भुतासारखे. नवऱ्याची आत्या घरी आली नि म्हणाली, "यात तर आमी आलोच नव्हतो असं दिसतंय, गो." तिला दोनदा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सुनिलने कडी नीट करून दिली, अर्ध्या तासाचं काम होतं.

पण त्या काचेतून काढलेला एक फोटो आहे. मी ओट्यावर तांदूळ निवडतेय, स्नेहलने न सांगता काढला. त्यात मी बाबांसारखी दिसते. कानाच्या पाळ्या त्याच, तुझ्याही त्याच आहेत. तो फोटो पिठाच्या डब्यावर लावलाय आन् दिवसातून चारदा विनाकारण पीठ काढायला जाते.

तर कॅमेरा गेला. रागाव, तुझा हक्क आहे. पण फोनवर नको, येऊन रागाव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
संजीवनी

ता.क. कॅमेऱ्याचं रिकामं अंग, ती खिडकी आन् चामड्याची पिशवी तुझी आहे. घेऊन जा. पार्सलने पाठवणार नाय.

ता.क. २. तेव्हा दिला नाय तो मला हवा होता म्हणून नाय. मला त्यातलं काय कळतं. आई गेली, बाबा गेले, कॅमेराही नेलास तर तुला इकडे यायला काय उरणार होतं? वाटलं, त्याच्यासाठी तरी येशील. आता तोही फोडून बसले, म्हणून तोंडाने सांगावं लागतंय.

ता.क. ३. स्नेहलचं लग्न ठरलंय. मुलगा उंबरमाळीचा, दीपेश नाव, बोलतो कमी, खातो बरं. वैशाखातला मुहूर्त. भटजी माईकवरून मुलीच्या मामाला बोलावतील, तेव्हा तिला मांडवात कोणीतरी आणायला हवं. चुलत्याचा पंढरी केव्हाचा तयारीत आहे, सफारीचं कापडसुद्धा शिंप्याकडे टाकून आलाय. मी काल शिंप्याकडे जाऊन आले. म्हटलं, कात्री लावू नको, माप बदलेल बहुतेक.