निळ्या डब्यातली चिरूट

वाशी, सेक्टर नऊ
१३ ऑगस्ट १९८४

चि. नंदकुमार यास ताईचे आशीर्वाद.

काल, रविवार ता. १२ ऑगस्ट रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मी आत तुझ्यासाठी पोहे परतत असताना, तू माझ्या बाल्कनीत बसून ह्यांची चिरूट ओढलीस. वेळ नक्की सांगते, कारण वास आला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. वाटलं, हे ऑफिसातून आज लवकर आले. मग आठवलं, आज रविवार. आणि हे जाऊन चौदा महिने झाले.

बाहेर आले तर तू पाय पसरून बसलेला, आणि वर मलाच शाबासकी, की ताई, जमलं की तुला. अरे गाढवा, माझ्या चिरुटा बुटाच्या खोक्यात होत्या, प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने नंबर घातलेला. निळ्या डब्यात एकच होती. ती ह्यांनी वळलेली शेवटची.

म्हातारपणी हा काय उद्योग, असं तू विचारलं होतंस, तेव्हा मी म्हटलं वेळ जातो. खोटं बोलले. या घराला आता कसलाच वास नाही. कपाटातले शर्टसुद्धा नुसते कापडाचे झालेत. म्हणून जानेवारीपासून चिरूट वळायला शिकते आहे. पान ओल्या फडक्यात मऊ करायचं, आतली पानं उभी दुमडायची म्हणजे धुराला वाट राहते, घट्ट वळलं तर ओढली जात नाही, सैल वळलं तर भसाभस जळते, टोक भाताच्या खळीने चिकटवायचं. हात बसला आहे. बसला नाही तो मेळ. त्रिचीचं पान किती, जयसिंगपूरचं किती, आणि आणखी काय, हे ह्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी त्यांना तीस वर्षं बाल्कनीत पिटाळत होते.

रोज संध्याकाळी डबा उघडून आधी त्यांची हुंगायची, मग माझी. तो नमुना तू वीस मिनिटांत राख केलास. लेखी खुलासा हवा. लोभ उरला की आटला, ते वाचून ठरवीन.

तुझी,
चारुताई

पुणे
१८ ऑगस्ट १९८४

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र तुझ्या भावजयीने, जयमालाने, आधी वाचलं. तेव्हापासून ती मला फक्त जेवायला हाक मारते, एरवी बोलत नाही. शिक्षा योग्य आहे.

खुलासा असा की चांगल्यातली चांगली वस्तू तू चांगल्या डब्यात ठेवतेस, हे लहानपणापासून माहीत. खोक्यातल्या वेड्यावाकड्या दिसल्या, डब्यातली सुबक, म्हणून तीच तुझी पास झालेली, असं धरून चाललो. भाऊजींची चिरूट मी ओळखणार कशी? तू कधी ओढू दिलीस का?

भरपाई होण्यासारखी नाही, म्हणून आठवतं ते सगळं लिहितो. सुरुवातीला कोरडी, जुन्या पुस्तकासारखी. मध्ये थोडी तिखट. अर्धी संपल्यावर कॉफीची चव आली, अगदी स्पष्ट. मला वाटलं, पानांवर कॉफी शिंपडायची युक्ती तू काढलीस. शाबासकी त्याचीच होती.

एक विचारू का? तू दारात उभी राहून पाहत होतीस. तेव्हाच ओरडली असतीस तर मी विझवली असती, निम्मी तरी वाचली असती. तू पोहे दिलेस आणि खारट झालेत का एवढंच विचारलंस.

अपराधी असलो तरी धाकटा आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

तुझा,
नंदू

वाशी
२४ ऑगस्ट १९८४

चि. नंदूस आशीर्वाद.

ओरडले नाही, कारण वास येत होता. तू विझवली असतीस तर तो थांबला असता. पोहे खारटच होते. खोटं कशाला बोललास?

आता ऐक. हे रोज सकाळी अर्धा कप कॉफी उरवायचे. निवली म्हणायचे. मी तीस वर्षं त्यावरून भांडले. मिशनच्या शाळेत पानात अन्न टाकणाऱ्याला उभं करायचे, तसं मी त्यांना एकदा तुझ्यादेखत बोलले होते. बिचारे मान खाली घालून कप घेऊन बाल्कनीत गेले. कुंडीत ओततात असं मला वाटे. कुंडीतलं झाड कॉफीवर कसं जगतं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दोन कप जास्त दिले असते.

गेल्या मंगळवारपासून मी सकाळी पुन्हा दोन कप करते. एक पिते. दुसरा निवू देते आणि अर्धा पानांवर शिंपडते. भांड्यांना तळवलीहून येणारी गोजरा दोन कप पाहून विचारते, बाय, कोन आलतं काय. मी भाऊ आला होता म्हणून सांगते. चार दिवस झाले, तिला ते खरं वाटेनासं झालं आहे.

नंबर एकेचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस वळून ठेवल्या आहेत. मुरायला तीन आठवडे लागतील. बेचाळीसचा वास जवळ आला आहे, पण हुंगून कळत नाही, पेटवायला हवी. मी खोक्यातली एक जुनी पेटवून पाहिली. ठसक्याने शेजारीण धावत आली. शिवाय ओढणाऱ्याला स्वतःचा वास येत नाही. तो आत, पोहे परतणाऱ्या माणसाला येतो.

तेव्हा रविवार ता. १६ सप्टेंबरला, तीनच्या आधी, तू त्याच खुर्चीत हजर पाहिजेस. जयमालाला आण, तिला मी बोलती करीन. कोणत्या एस.टी.ने येणार ते ५ सप्टेंबरच्या आत लेखी कळव. निरोप चालणार नाही.

तुझी,
चारुताई