ताटावर आडवा हात

सणसर,
३ ऑगस्ट २०२५

चि. राजलक्ष्मीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मोकळं बोलता येत नाही, सासूबाई शेजारीच असतात. म्हणून हे पत्र यांच्या डब्याच्या पिशवीत घालते. उद्या एमआयडीसीतून सुटले की तुझ्या लॅबवर आणून देतील.

श्रियाची भूक आता बघवत नाही. नऊ वर्षांची पोर सहा भाकरी खाते, तरी हातपाय काटक्या. सासूबाई म्हणतात, पोरीला भस्म्या झालाय. काल गोठ्यात म्हशीच्या घमेल्यातली सरकी पेंड खाताना सापडली. मी मारलं, मग तिलाच कुशीत घेऊन रडले. पोट भरलं की माणसं ताटावर हात आडवा धरतात. हिनं जन्मात धरला नाही. एकदा तरी तिनं बास म्हणावं, दुसरं काही मागणं नाही.

तुझी माया आहेच, त्यात या पोरीलाही घे.
तुझी थोरली बहीण,
रोहिणी

बारामती,
५ ऑगस्ट

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पाहुण्यांना आग्रह करकरून रडवणारी तू, आणि खाणाऱ्या पोरीला मारतेस? शोभत नाही. अंगावर चरबी नाही म्हणून भूक, एवढंच. घरी कढवलेलं दोन किलो तूप दाजींबरोबर पाठवलंय. भातावर हात आखडता न घेता वाढ. रविवारी येऊन रक्तही घेते. लॅबमध्ये दहा वर्षं काढलीत, सुई टोचलेली कळणारही नाही तिला.

भाचीला पापा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
राजी

सणसर,
१४ ऑगस्ट

चि. राजीस अनेक आशीर्वाद.

गुण आला गं! आज श्रियानं तूपभातावर हात आडवा धरला, बास म्हणाली. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी देवापुढे साखर ठेवली. पोट दुखतंय म्हणते, गुडघे पोटाशी घेऊन पडलीय. एवढ्या वर्षांचं खाणं बाधलं असेल, ओवा दिलाय. रक्ताचा रिपोर्ट सावकाश आला तरी चालेल.

तुझ्या तुपाला आणि तुला उदंड आयुष्य.
ताई

बारामती,
९ सप्टेंबर

ती. दाजींस राजलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

या वेळी पत्र तुमच्याच नावानं आहे. श्रियाला जाऊन तीन आठवडे झाले. पुण्याचे डॉक्टर काल सविस्तर बोलले. अंगात पुरेशी चरबी साठली असली की ती रक्तातून मेंदूला निरोप धाडत राहते, आता पुरे. श्रियाच्या अंगात जन्मापासून ती चरबीच नव्हती. निरोप धाडणार कोण? कितीही जेवली तरी मेंदूच्या लेखी ती उपाशीच. आणि तूप साठवायला जागा नाही, म्हणून ते रक्तातच राहिलं. मी त्या रविवारी तिच्या रक्तानं भरलेली नळी दुधासारखी पांढरी झाली होती. जेवून रक्त दिलं असेल असं समजून मी ती टाकून दिली, पुन्हा घेऊ म्हटलं. तूप चालूच राहिलं. त्यानंच स्वादुपिंड सुजलं. तिनं हात आडवा धरला तो पोट भरलं म्हणून नाही, दुखणं सोसवेना म्हणून. पोर उपाशीच गेली, दाजी, आणि तूप माझं होतं.

ताई येईल त्याला सांगते की श्रिया शेवटी भरल्या पोटानं गेली. तिला तेवढंच उरलंय, ते मोडू नका. भस्म्या वगैरे काही नव्हतं, पोरीची भूक खरी होती, एवढं मात्र तुमच्या आईंच्या देखत सांगा.

लोभ असू द्या म्हणायला मला तोंड नाही. पत्र कंपनीतच फाडून टाका. डब्याची पिशवी ताई रोज रिकामी करते.

राजलक्ष्मी