उपाशीपोटी साखर आणि वैशूची रेघ

३ फेब्रु., मंगळ
सा. १४०.
डॉक्टरीणबाईंनी वही दिली. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, साखरेचा आकडा लिहायचा, तीन आठवड्यांनी दाखवायचा. वर म्हणे, "अक्का, कसं वाटतं तेही दोन ओळी लिहा." काय वाटायचंय? इथं बंगळूरला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कँटीनला आठ तास उभी असते. पाय दुखतात.
मशीनवर १९१ आलं. १४० लिहिलं. नाहीतर बाई इन्सुलिनची सुई लावणार. मला नको सुई.

५ फेब्रु., गुरु
सा. १३८.
वैशू खूश. पीएचडीला लागल्यापासून सहा वर्षांत पोरगी अशी हसलेली बघितली नाही. भिंतीला एक चित्र चिकटवलं. काळे ठिपके म्हणजे परदेशातल्या मोठ्या मशीनवर मोजलेलं. लाल रेघ वैशूच्या गणिताची. रेघ ठिपक्यांवरून बरोबर जाते.
विचारलं, मोजतात काय नक्की? म्हणाली, प्रकाशाचा कण प्रोटॉनवर जोरात आपटला की जड क्वार्क निघतात. चार्म म्हणतात त्याला. किती निघणार ते गणितानं आधीच सांगायचं.
म्हटलं, मी रोज सकाळी सातला सांगते किती ताटं उठणार. मला कोण डॉक्टर म्हणत नाही.

८ फेब्रु., रवि
सा. १४१.
काल दोन्ही वेळा भात खाल्ला. असू दे.
वैशूचा प्रबंध महिनाअखेर द्यायचा. दिला की व्हाइटफील्डची नोकरी, पत्र आलंय. मग मी कँटीन सोडणार. कँटीनमधल्या मंजुळाला सांगूनसुद्धा ठेवलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "सरी, बरं अक्का, आता मोठ्या लोकांत जाणार तुम्ही." मोठे लोक कसले. पाय वर करून बसणार, एवढंच.

११ फेब्रु., बुध
सा. १४०.
वैशू जेवली नाही. विचारलं तर खेकसली. मी पण खेकसले.

१२ फेब्रु., गुरु
सा. १३९.
कळलं एकदाचं. चार्म एकटा निघत नाही. एक सुलटा, एक उलटा, जोडीनंच. मोजणारे दोघांना मोजतात, म्हणून वैशूनं आपल्या आकड्याला दोननं गुणलं. पण तिचा कॉम्प्युटर दोघांना आधीपासूनच धरत होता. जोडी दोनदा मोजली. दोन वर्षं तसंच चाललंय. आता तो दोन काढला की रेघ निम्म्यावर येते. ठिपके वर, रेघ खाली.
"तुझ्या गाइड सरांना माहीत आहे?"
"नाही."
"मग कुणाला?"
"तुला."
मला सांगून काय उपयोग. सातवी पास बाई मी.

१४ फेब्रु., शनि
सा. १४०.
वाट आहे म्हणते. क्वार्कचं वजन अमुकच असं कुणी छातीठोक सांगत नाही, इथपासून तिथपर्यंत धरायची मुभा असते. हलकं धरलं की जास्त निघतात. एकदम हलकं धरलं, आणखी दोन ठिकाणी थोडं सरकवलं, की रेघ परत ठिपक्यांवर. कुणी विचारणार पण नाही.
"मग धर की! मुभा आहे म्हणतेस ना?"
"आई, ठिपके बघून वजन ठरवायचं आणि लिहायचं की मी आधी सांगितलं?"
"लोक काय काय करतात. सहा वर्षं झाली. माझे पाय बघ."
बघितले नाहीत. उठून गेली.
पाय मध्ये आणायला नको होते. पण दुखतात ते खोटं नाही.

१६ फेब्रु., सोम
सा. १४०.
सरांचा फोन आला तिला. शुक्रवारी सगळ्यांसमोर काम मांडायचं, मग प्रबंध द्यायचा. ही नुसती हो सर, हो सर.
कँटीनला सत्तर ताटांचा भात उरला. माझा अंदाज चुकला. सुपरवायझर तोंड सोडून बोलला. म्हटलं, चुकलं तर चुकलं, लिही माझ्या नावावर.

१७ फेब्रु., मंगळ
सा. १४०.
मी भाकऱ्या थापत होते. वैशूनं ही वही उघडली.
"आई, पंधरा दिवसांत एकशे अडतीस ते एकशे एक्केचाळीस?"
"पथ्य पाळते."
"खरे आकडे असे इस्त्री करून येत नाहीत. वरखाली उड्या मारतात."
साखरेचं मशीन उचललं, बटण दाबत बसली. मेलं सगळं लक्षात ठेवतं, मला काय माहीत! एकेक मोठ्यानं वाचलं. १९१. २०४. १७६. २२०.
वाटलं, आता ओरडणार. ओरडली नाही. वही मिटून ओट्यावर ठेवली.
"सुईची भीती वाटते, एवढंच ना?"
"एवढंच."
"मला पण वाटते," म्हणाली. भाकरी करपली माझी.

१९ फेब्रु., गुरु
वैशू दिवसभर कॉम्प्युटरसमोर. चहा नेऊन ठेवला, गार झाला, परत आणला.
बोट टोचलं नाही.

२० फेब्रु., शुक्र
भिंतीवरचं चित्र काढलेलं. पिशवीत दोन कागद. एकात रेघ ठिपक्यांवर, एकात निम्म्यावर.
"कुठलं दाखवणार?"
"रिक्षात ठरवते."
"सिल्क बोर्डाच्या चौकात अडकशीलच. वेळच वेळ आहे."
हसली नाही. डबा दिला. म्हटलं, "वैशू, माझे पाय डोक्यात घेऊन जाऊ नको." "बरं," म्हणाली. कुठल्या अर्थानं बरं ते काय की.
आता दुपारचे तीन. कँटीनची भांडी झाली, पोत्यावर बसून लिहिते. वैशूचा फोन अजून नाही. मंजुळाला म्हटलं, माझ्या जागी दुसरी बाई बघायची ती स्वल्प थांब.
मागचे आकडे खोडले नाहीत. शेजारी मशीनमधले लिहिले. डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारी जायचंय.
आज सकाळची सा. २०८.