तीन कमानी आणि एक ठिपका

प्रिय दादा,

फोनवर आपण आधी भांडतो आणि बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून हे पत्र. बाबांनी एकटं राहायचं की तुझ्याकडे, यावरून तीन महिन्यांपूर्वी मी तुला काय काय बोलले ते आठवलं की कानशिलं तापतात. बाबा ठणठणीत आहेत, स्वतःचा चहा स्वतः करतात, मला रोज व्हिडिओ कॉल लावतात, असं मी तुला ठासून सांगितलं होतं. तो कॉल शेजारच्या नर्सबाई लावून द्यायच्या, हे मला आत्ता आत्ता कळलं.

ऑफिसात सध्या मी फोनच्या मेनूतली वायफायची चिन्हं काढतेय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीव मेटाकुटीला आलाय. ठिपक्यावर तीन कमानी काढल्या की वायफाय, एवढं सगळ्यांना कळतं. पण वायफाय जोडलंय आणि इंटरनेट मात्र येत नाही, हे नखाएवढ्या चौकोनात सांगायचं कसं? उद्गारचिन्ह टाकलं की लोक घाबरतात, फुली मारली की वायफायच बंद पडलं समजतात. आमच्या कामात एक पक्का नियम आहे. बघणारा चुकत नाही, चित्र चुकतं. कुणाला कळलं नाही तर त्याला समजावत बसायचं नाही, मुकाट्याने चित्र पुन्हा काढायचं.

तुला ठाऊकच आहे, माझं प्रत्येक चित्र आधी बाबांकडे जातं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मागे माझ्या बॅटरीच्या चिन्हाला ते साबणाची वडी म्हणाले होते, आणि होतीच ती साबणाची वडी! या वेळी मात्र त्यांना काही केल्या कळेना. मी कमानी जाड केल्या, एक मधोमध तोडली, रंग बदलला, बाजूला ढग काढून पाहिला. दर रविवारी मी नवा कागद घेऊन त्यांच्याकडे जायचे. ते चष्मा पुसायचे, हसायचे आणि छान आहे म्हणायचे. ऑफिसात चाचणीला बोलावलेल्या बाराच्या बारा जणांनी माझा दुसऱ्या खेपेचाच नमुना झटक्यात ओळखला होता. तरी मी हट्टाने अकरा काढले. साहेब वैतागले, मीही वैतागले. चित्रच चुकतंय, असं मी घोकत राहिले. खरं सांगू? मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

गेल्या रविवारी मी कमानी बाजूला ठेवल्या आणि कोऱ्या कागदावर एक कात्री काढली. मोठी, काळ्या मुठीची, दुकानात त्यांच्या हाताशी असायची तशीच. बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला. मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "चांगलं काढलंयस गं. पण हे कशाला वापरतात?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. परत आले तेव्हा ते त्या कागदाची घडी घालत होते, कडेला कड नीट जुळवून. मी शेजारी बसले आणि आम्ही चहा घेतला.

मंगळवारी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हे विसरणं वाढतच जाणार, त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. तेच तू तीन महिन्यांपूर्वी सांगत होतास, आणि मी तुला म्हटलं होतं की तुझा डोळा घरावर आहे. दादा, ते शब्द मी परत घेते. घेता येत असतील तर. मी फार दमले आहे रे, हे माझ्या एकटीच्याने होणार नाही. बाबांना न्यायला ये. त्यांचे कपडे मी भरायला घेतले आहेत. सुट्टी मिळाली की बघू, असं नको, याच आठवड्यात ये. काल त्यांना तुझा फोटो दाखवला. तुझं नाव त्यांनी बरोबर सांगितलं, पण सांगायला खूप वेळ लागला.

तुझीच,
भांडकुदळ