स्टिअरिंग सोडताना

नुमाता,
१२ जून

चि. कानाएस,

बाबांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. दमट हवेत आईचा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तर तिलाच चुकल्यासारखं होतं. मागच्या उतारावरच्या चेरी या वर्षी आमच्या आधी पाखरांनी खाल्ल्या. हाकातात आता उकाडा सुरू झाला असेल. दर नवीन वर्षाला तू आईच्या नावाने कार्ड पाठवतेस, ते ती फ्रिजवर लावून ठेवते. पाणी प्यायला उठलो की मीही वाचतो. चारच ओळी असतात, पाठ झाल्यात.

मार्चअखेरीस मी निवृत्त झालो. छत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसलो, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. आता कुणाच्याही गाडीत बसलो तरी पाय आपोआप दाबला जातो. परवा शेजारचे ओकुनोकी म्हणाले, "मास्तर, माझ्या गाडीला भोक पाडाल."

आता पुढचं वाचून तू हसशील, नाहीतर कागद चुरगाळशील.

मी एक गाडी घेतली. जुनी चार दारांची टोयोटा, तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान. मागच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची. रंग एके काळी पांढरा असावा. एवढी स्वस्त मिळाली की विकणाऱ्यालाच लाज वाटली. म्हणाला, "मास्तर, भाजी आणायला घेताय ना? ही सरळ कमी जाते हो." म्हटलं, "म्हणूनच घेतोय."

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात भाताचे गोळे भरताना म्हणाली, "जन्मभर लोकांना सरळ चालवायला शिकवलंत, आता म्हातारपणी आडवं जायला निघालात. हाडं मोडली तर मी गुडघा सांभाळू की तुम्हाला?" पण गोळे नेहमीपेक्षा दोन जास्त होते.

स्कीच्या उताराखाली ती मोठी पार्किंगची जागा होती ना, तिथे आता ड्रिफ्ट शिकायचं मैदान झालंय. दर रविवारी, दिवसाउजेडी, हेल्मेट घालून, कायद्यात राहून गाड्या घसरवायच्या. मैदान चालवतो गेन्ता. हो, तोच. सफरचंदवाल्या होशिनांचा गेन्ता, ज्याच्याशी तुझं लग्न ठरत आलं होतं आणि त्या मे महिन्यानंतर ज्याचं नाव तू घरात काढू दिलं नाहीस. ते तुला रुचणार नाही, ठाऊक आहे. पण शिकवणारा इथे तो एकच आहे.

पहिल्या रविवारी त्याने पाइपने जमीन ओली केली, मधोमध एक प्लास्टिकचा शंकू ठेवला आणि म्हणाला, "याच्याभोवती गोल फिरायचं. पण मागची चाकं घसरवत."

मी स्वतःभोवतीच फिरलो. अठरा वेळा. शेवटी गाडीतून उतरलो तर डोंगर फिरत होता. कुंपणापाशी जाऊन पोटातलं सगळं टाकून आलो.

"मास्तर, तुम्ही मला परीक्षेत दोनदा नापास केलं होतं, आठवतं?" गेन्ता म्हणाला.

"तू आरसा बघितला नव्हतास."

"आज तुम्ही काहीच बघितलं नाहीत. डोळे मिटले होते."

खरंच मिटले होते. मागची बाजू निसटली की स्टिअरिंग आपण होऊन उलट्या दिशेला पळू बघतं. ते पळू द्यायचं, बोटांतून सरकू द्यायचं आणि नेमक्या क्षणी हलकेच धरायचं. आणि मी जन्मभर लोकांना ओरडत आलो, हात सोडू नका! त्यामुळे मी घट्ट धरतो, आणि गाडी गरकन उलटं तोंड करून उभी राहते. गेन्ता कडेने ओरडतो, "सोडा, मास्तर! सोडा!" मला सोडता येत नाही.

तुला हे किती दिवसांत जमलं होतं? मी तेव्हा विचारलं नाही. रविवारी पहाटे तू आलीस की तुझ्या कपड्यांना जळक्या रबराचा वास यायचा आणि मी वर्तमानपत्र उघडून धरायचो. तुझा चेहरा कसा दिसायचा त्या वेळी, ते मला आठवत नाही. मी बघितलाच नाही ना.

तब्येतीला जप. आईला मी लिहिलेलं माहीत नाही.

बाबा


नुमाता,
२७ सप्टेंबर

चि. कानाएस,

आशीर्वाद. जूनचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असं धरून चालतो. इकडे लवकर येणारी सफरचंदं उतरवायला सुरुवात झाली. आई रोज सकाळी होशिनांकडे मदतीला जाते; गुडघ्याचं काय, विचारलं तर म्हणते, झाडावर चढायला थोडीच चाललेय.

मला गोल जमला.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी. तोवर मागचे टायर चार वेळा बदलून झाले होते, आणि मैदानावरची पोरं मला 'भोवरा आजोबा' म्हणू लागली होती. त्या दिवशी फार उकडत होतं, घामाने तळवे ओले झाले होते. मी क्लच दाबून सोडला, मागची बाजू सुटली, आणि स्टिअरिंग माझ्या ओल्या हातातून निसटलं. मी सोडलं नव्हतं, निसटलं. आणि गाडी फिरली नाही. आडवी राहिली. मी ते जरासं धरलं, पायाने जरासा जोर दिला, आणि शंकू माझ्या बाजूच्या खिडकीत आला आणि तिथेच राहिला. डोंगर, आकाश, कुंपण, गेन्ताची लाल टोपी, सगळं शांतपणे पुढून सरकत होतं. एवढ्या आवाजात एवढं शांत असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओरडलो. काय ओरडलो ठाऊक नाही. तुला हे माहीत होतं, विसाव्या वर्षीच माहीत होतं, आणि एकाच छताखाली राहून मला माहीत नव्हतं, एवढंच डोक्यात येत राहिलं.

गेन्ता धावत आला. हसत होता. "कानाएसुद्धा पहिल्यांदा जमलं तेव्हा अशीच ओरडली होती."  इतक्या महिन्यांत त्याने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

पोरी, आता लिहितो. हे तीन वेळा लिहून फाडलंय.

अकरा वर्षांपूर्वी, मेमध्ये, तुम्ही सगळे खिंडीतल्या रस्त्यावर गाड्या घसरवायला जमला होतात आणि पोलिसांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. तुझा परवाना गेला. परवाना गेला म्हणून बालवाडीची बस चालवायचं तुझं काम गेलं, आणि ती लहान मुलं तुला वाटेत दिसली की त्यांच्या आया त्यांना पलीकडे न्यायच्या. तुमच्यातला एकटा गेन्ता त्या रात्री आला नव्हता. सफरचंदाच्या मोहरावर गोठवणारं दहिवर पडणार होतं, म्हणून तो बापाबरोबर बागेत शेकोट्या पेटवत बसला होता. पण सगळे म्हणाले, यानेच कळवलं, म्हणून हा घरी राहिला. तूही तेच म्हणालीस. तो आपल्या दारात उभा होता आणि तू आतून म्हणालीस, "बाबा, त्याला जायला सांगा." मी जाऊन सांगितलं. त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

फोन मी केला होता.

स्टेशनजवळच्या फोनवरून. ठिकाण सांगितलं, वेळ सांगितली, आणि तुझ्या गाडीचा नंबर मी माझ्या तोंडाने सांगितला. तू तो शनिवार फोनवर कुणाला तरी सांगत होतीस, मी जिन्यात उभा राहून ऐकलं होतं.

भीती वाटत होती म्हणून केला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. भीती होती. त्या वळणांवर खाली दरी आहे. पण भीतीच असती तर मी तुझ्या खोलीत येऊन बसलो असतो, तुझा हात धरला असता. खरं म्हणजे आदल्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "काय सेगावा, दिवसा तुम्ही शिकवता आणि रात्री मुलगी विसरायला लावते वाटतं?" सगळे हसले. मी त्या हसण्यापायी फोन केला. पोलीस दरडावतील, सोडून देतील, एवढीच माझी समजूत होती. आणि नंतर तू घरात बसून होतीस ते पाच महिने मी तुझ्याशी बोललो नाही, जणू गुन्हा तुझाच. ऑक्टोबरात बॅग घेऊन निघताना तू म्हणालीस, "या गावात विश्वास ठेवावा असं कुणी नाही." मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

हे सगळं मी त्या ऑगस्टच्या रविवारी गेन्ताला सांगितलं. जेवणाचा डबा उघडला होता, तो बाजूला ठेवला आणि सांगितलं. त्याने माझ्या डब्यातला एक गोळा उचलला, अर्धा खाल्ला.

"माहीत आहे, मास्तर."

"काय माहीत आहे?"

"चौकीवर त्या वेळी फोन कुणी घेतला? सावागुचीने. त्याला गाडी कुणी शिकवली? तुम्ही. तुमचा आवाज तो ओळखणार नाही? पुढच्याच वर्षी दारू पिऊन माझ्याकडे रडला. म्हणाला, मास्तरांनी नाव सांगितलं नाही, पण 'स्पष्ट ऐकू आलं का?' असं शिकवताना विचारायचे तसंच तीनदा विचारलं."

 मी विचारलं, "मग तू तिला का नाही सांगितलंस?"

त्याने उरलेला अर्धा गोळा डब्यात ठेवला. "राग आला होता तुमचा. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलो. पण तिने तोवर गाव सोडलं, मला सोडलं. म्हटलं, आता बापही कशाला हिरावून घ्यायचा तिच्याकडून?"

"आणि मी गाडी घेऊन आलो तेव्हा?"

"तेव्हा म्हटलं, सांगायला आलेत." मग तो जरासा हसला. "चार महिने लावलेत, मास्तर. एवढा ढ विद्यार्थी नाही बघितला."

मी त्याच्यासमोर डोकं जमिनीला टेकलं. त्याने मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "मला नको. हे तिला सांगायचंय. आणि माझ्यासाठी म्हणून सांगू नका. माझं लग्न झालं, मला दोन वर्षांची मुलगी आहे, माझं बरं चाललंय. तिने एक चुकीची गोष्ट खरी मानून अकरा वर्षं काढलीत, तेवढ्यासाठी सांगा."

म्हणून सांगितलं. परवा आईलाही सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने आपलं अंथरूण तुझ्या खोलीत नेलं.

मला माफ कर, असं लिहीत नाही. ते तू करावंस असं काही मी केलेलं नाही. एवढंच कळावं: तू विश्वास चुकीच्या माणसावर ठेवला नव्हतास. तू तो चुकीच्या माणसावरून काढून घेतलास, आणि मी ते होऊ दिलं.

सेगावा मोरितो


नुमाता,
६ डिसेंबर

कानाए,

हे पत्र लहान आहे. गेन्ता सांगून गेला की गेल्या रविवारी तुझा फोन आला होता. काय बोललात ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुझं नाव ऐकून त्याने आधी टीव्ही बंद केला, एवढं त्याच्या बायकोने आईला सांगितलं. चांगली आहे ती. स्वतः मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेली, तुम्हाला बोलता यावं म्हणून. परत आली तर गेन्ता तोंड धूत होता.

जाताना गेन्ता दारात थांबला. म्हणाला, "मास्तर, तिने तुमच्याबद्दल काही विचारलं नाही."

मी म्हटलं, "बरोबर केलं."

तो म्हणाला, "फक्त फोन ठेवताना म्हणाली, तिकडे बर्फ पडला का?"

पडला, कानाए. काल पहाटेपासून. मैदान बंद झालं, आता एप्रिलपर्यंत उघडणार नाही. गाडी घरामागे उभी आहे, तिच्यावर वीतभर थर बसलाय. तुला मुद्दाम लिहितो: स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता गावाने साफ केलाय, चालत येता येतं. तसा दर वर्षीच साफ करतात. आई अजून तुझ्या खोलीतच झोपते. काल तिने जेवताना आपण होऊन मला लोणचं वाढलं, दहा आठवड्यांत पहिल्यांदा, आणि लगेच म्हणाली, "उरलं होतं म्हणून."

एप्रिलात मैदान उघडलं की मी पुन्हा जाणार आहे. बंद होण्याआधी आठाचा आकडा शिकत होतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला गाडी टाकताना मधे एक क्षण असा येतो की ती कुठल्याच बाजूची नसते. तिथे मी अजून घाबरतो. गेन्ता म्हणतो, कानाएला तोच क्षण सगळ्यात आवडायचा. मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं. खूप गोष्टी तुझ्याकडून ऐकायच्या होत्या. बसमधली कुठली मुलं त्रास द्यायची, हाकातात तू काय खातेस, केस अजून तसेच बांधतेस का. अकरा वर्षं एका कार्डाच्या चार ओळींत कशी मावतात, ते मला कळत नाही. तरी मी त्या रोज वाचतो.

यापुढे मी आपण होऊन लिहिणार नाही. तुला माझं अक्षर बघावं लागू नये. 'उत्तर पाठव' असं लिहायचा हक्क मी स्वतःच घालवला. वाट बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ती बघतोय.

तू हाक मारशील तर,
तुझा बाबा