पेन्सिलीने लावलेली कडी

११ जानेवारी, रविवार सकाळ

प्रिय मुली,

सप्रेम नमस्कार. वयाने लहान माणसाला पत्रात आशीर्वाद लिहितात. मी तीन कागदांवर तो लिहिला आणि तिन्ही बाजूला ठेवले. तेव्हा नमस्कारच राहू दे. तू खुशाल असशील, आईची तब्येतही बरी असेल, अशी आशा करते.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. ते पाहून तू पाकीट न उघडताच टाकून दिलं असतंस. ही लबाडीच झाली, मला कळतं. म्हणून आता लगेच सांगते. मी विद्यापीठाच्या तक्रार समितीची सचिव, जिला तू ताई म्हणायचीस ती. इथेच पत्र मिटवावंसं वाटलं तर मिटव. फक्त सोबतचं घडी घातलेलं पान फेकू नकोस. ते तुझं आहे.

पत्ता मी फाइलमधून उचललेला नाही. जाताना तू स्वतः लिहून दिला होतास, "ताई, निकालाची प्रत आली की पाठवाल ना?" म्हणत. प्रत मी पाठवली होती. "तक्रारीत तथ्य आढळले नाही" एवढा एक कागद, सोबत माझ्या हातची एक ओळसुद्धा नाही.

तुला जाऊन सहा वर्षं होतील. तुमच्या विभागाच्या इमारतीला फिकट हिरवा रंग दिलाय, दवाखान्यासारखी दिसते. शिपाईमामा निवृत्त झाले, तरी रोज अकराला येऊन बसतात. त्यांच्या मते त्यांच्यामागे या कार्यालयात धड चहासुद्धा होत नाही. जिन्याजवळ आता तक्रारपेटी आहे, किल्ली माझ्याकडे. महिन्यातून एकदा उघडते. चहा पातळ आहे, वसतिगृहात ढेकूण आहेत, अशा चिठ्ठ्या निघतात. मागे मामा म्हणाले, "बाई, या पेटीत चहाचाच विनयभंग फार आहे." मी हसले. खोलीत परत आल्यावर आपण हसलो याची लाज वाटली. खऱ्या चिठ्ठ्या त्या पेटीत का पडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

दरवर्षी प्रशिक्षणही होतं. नव्या मुलांना सभागृहात बसवून मी तासभर बोलते, "न घाबरता तक्रार करा" म्हणून सांगते. अध्यापकांच्या खोल्यांच्या दारांना डोळ्यांच्या उंचीवर काच बसवायची, हा ठरावही मीच मांडला होता. काचा बसल्या. तुझ्या सरांनी त्यांच्या काचेवर आतून कॅलेंडर टांगलं. मी ते पाहिलं होतं. "सर, जरा बाजूला लावता का?" एवढंच म्हणायचं होतं. दोनदा त्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काही काम काढून परत आले.

बघ, तुला लिहायचं एक आहे आणि मी रंग, काचा, ढेकूण सांगत बसले आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. तिच्याविषयी तुला लिहू का, हे तिला विचारलं. ती म्हणाली, "एवढंच लिहा की मीही आहे." तक्रार त्याच सरांविरुद्ध, खोली तीच. चौकोनी रेघांच्या वहीतलं पान फाडून तिने लिहून आणलं होतं. वाक्यं अर्धी, तारखा मागेपुढे. पान माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ताई, जरा नीट करून द्या ना." मी हात टेबलाखाली घेतले आणि तिला म्हटलं, हे असंच राहू दे, नुसती सही कर. तिला वाटलं मी कामचुकार आहे.

तुझं पान मी नीट करून दिलं होतं.

त्या दिवशीची माझी रोजनिशी काल काढून पाहिली. लिहिलंय, "एका मुलीचा तक्रार अर्ज व्यवस्थित करून दिला. बरे वाटले." सचिवाने तक्रारदाराच्या अर्जाला हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी लावला. माझ्या नवऱ्याची माझ्याबद्दल एक नेहमीची थट्टा आहे, "हिला किराण्याची यादी दिली तरी ही आधी ती शुद्ध करील, मग पिशवी घेईल." तुझं ते रडून चुरगळलेलं पान माझ्या डोळ्यांत खुपलं. तू समोर बसून पाणी पीत होतीस आणि मी पेन्सिल घेऊन ओळी वरखाली करत होते. मग स्वच्छ टंकलिखित प्रत काढून तुझ्यापुढे ठेवली. तू न वाचताच सही केलीस. "ताई, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणालीस.

तुझ्या पानावर होतं: "सरांनी दार लोटलं. मी उठले नाही." मी दुसरं वाक्य खोडलं. समिती विचारील, का उठली नाहीस, आणि तू गोंधळशील, असं मला वाटलं. पण ते खोडल्यावर पहिलं वाक्य फार सौम्य वाटायला लागलं. नुसतं दार लोटलं, त्यात काय एवढं? म्हणून वर बारीक अक्षरात लिहिलं: "आतून कडी लावली." तू तसं म्हणाली नव्हतीस आणि मी तुला विचारलंही नाही. अशी माणसं कडी लावतातच, असं मी आपलं धरून चालले.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आजवर मी ते कुठेच लिहिलेलं नाही, रोजनिशीतसुद्धा. सरांनी देखभाल विभागाला पाठवलेलं पत्र आणलं होतं. कडी तीन महिन्यांपासून मोडलेली, सुतार यायचा बाकी. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून तुला विचारलं, "बाळ, कडीच नव्हती तर त्यांनी लावली कशी?"

तू म्हणालीस, "लोटलं होतं. दार लोटलं होतं."

"मग अर्जात कडी कुणी लिहिली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. टेबलाच्या टोकाला मी इतिवृत्त लिहीत होते. मी मान वर केली नाही. कुणी चार मोजेल इतका वेळ गेला असेल. मग तू म्हणालीस, "मीच लिहिली."

आणि सर किती मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, मुलं ताणाखाली असतात. माझा तिच्यावर मुळीच राग नाही." मी तेही उतरवून घेतलं. तुझ्या गप्प राहण्यासाठी मी शब्द वापरला "निरुत्तर". आजही इतिवृत्तात तो तसाच आहे.

मला वाचवलंस तू. मला मात्र तुला वाचवता आलं नाही, असं लिहिणार होते. तेही खरं नाही. मला येत होतं.

बाहेरच्या बाकावर तू मला विचारलंस, "ताई, माझं पहिलं पान आहे का? ते दाखवलं तर?" मी म्हटलं, "नाही गं, ते मी त्याच दिवशी फाडलं." ते पान तेव्हा माझ्या खणात होतं, त्या बाकापासून वीस पावलांवर. त्यावर माझी पेन्सिल होती. माझी नोकरी कायम होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ते पान समितीपुढे गेलं असतं, तर आधी माझी चौकशी झाली असती. पंधरा दिवसांनी तू संशोधन सोडून गेलीस. त्या दिवसाच्या रोजनिशीत आहे, "डोके दुखले. लवकर घरी आले."

इतक्या वर्षांत मी ते पान फाडलं नाही, आणि पेन्सिल पुसलीही नाही. याचं कौतुक करून घ्यायची मला सोय नाही, कारण दाखवलंही नाही.

आता हे सगळं का उकरते आहे? त्या नव्या मुलीच्या तक्रारीला सरांनी उत्तर दिलंय. पहिलाच मुद्दा असा: "यापूर्वीही माझ्यावर एका विद्यार्थिनीने खोटी तक्रार केली होती आणि समितीने ती फेटाळली होती." तुझा निकाल ते तिच्याविरुद्ध वापरताहेत. समितीतले दोघे आत्ताच म्हणू लागलेत, यांच्यामागे मुली हात धुऊन लागलेल्या दिसतात.

शुक्रवारी मी कुलसचिवांना लेखी दिलं. तुझं नाव घातलं नाही. मी काय केलं तेवढंच लिहिलं: सचिव असताना अर्ज बदलला, कडीचं वाक्य माझं आहे. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे सोमवारपर्यंत माझ्या खणात ठेवतो. विचार करा." मी म्हटलं, "आवक क्रमांक घालून द्या, सर." यात शौर्य वगैरे नव्हतं. क्रमांक पडला की कागद मागे घेता येत नाही, आणि सोमवारपर्यंत माझा भरवसा मला नव्हता.

घरी हे सांगितलं, तुला पत्र लिहिणार आहे तेही, तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "सहा वर्षांनी? तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग ती मुलगी तुला आता काय, डोक्यावर घेऊन नाचणार आहे?"

"नाही."

त्याने ताटातलं संपवलं, हात धुतला. मग म्हणाला, "पत्र टाकायला जाशील तेव्हा पोचपावती मागून घे. तुला लक्षात राहत नाही."

नुसतं माझं सांगणं पुरणार नाही. सरांची बाजू म्हणेल, बाईंना आता उपरती झाली आणि त्या गोष्ट रचताहेत. तुझं पान समोर आलं तर तसं म्हणता येणार नाही. पण पान तुझं आहे. परवा त्याची प्रत काढायला यंत्रापर्यंत गेले होते, झाकणही उघडलं होतं, आणि परत आले. एकदा तुला न विचारता त्या पानाला हात लावलाय, तेवढा पुरे. म्हणून मूळ पान रजिस्टर टपालाने तुझ्याकडे पाठवते आहे. तुला ते फाडायचं असेल तर फाड. कुणालाही दाखवायचं नसेल तर मी परत विचारणार नाही, त्या मुलीलाही तुझा पत्ता देणार नाही. वापरावंसं वाटलं तर कसं वापरायचं ते तू सांग. सुनावणी चार फेब्रुवारीला आहे.

माफी मागावी, हे लिहायला घेताना मनात होतं. पण माफी मागितली की तुझ्यावर ती द्यायचं किंवा नाकारायचं ओझं पडतं. ते आणखी कशाला.

पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं तर सुधारायला लागेन.

तुझी,
(इथे 'ताई' लिहायची सवय होती)


२६ जानेवारी, सोमवार

सादर नमस्कार.

आपलं पत्र शनिवारी मिळालं. "मला अगं-तुगं करू नका" ही आपली पहिली ओळ. ती मान्य आहे. पहिल्या पत्रातही मी तशी परवानगी घेतली नव्हती.

पान आपण स्वतः घेऊन येणार आणि स्वतःच वाचणार, हेही समजलं. "तुम्हाला भेटायला येत नाही," असं आपण लिहिलंय. भेट होणार नाही याची काळजी मी घेईन.

चार तारखेला सकाळी साडेदहा वाजता. सुनावणीची खोली तीच, पहिल्या मजल्यावर, पण मागच्या जिन्यानेही येता येतं. त्या जिन्यावर त्या वेळी कुणी नसतं आणि सरांची खोली वाटेत लागत नाही. अध्यक्षबाई बदलल्या आहेत. आईंना किंवा मैत्रिणीला सोबत बसवायचा आपल्याला हक्क आहे. कुणी नाही म्हटलं तर समितीच्या नियमांतला सहावा नियम दाखवा. मागच्या वेळी हे मी आपल्याला सांगितलं नव्हतं. ती दुसरी मुलगी आपल्याआधी बोलेल. तिने "त्यांना सांगा, मी बाहेरच थांबेन," एवढा निरोप दिलाय. थांबायचं की नाही हे आपण ठरवा.

मला समितीतून काढलं आहे आणि कारणे दाखवा नोटीसही आली आहे. इतिवृत्त दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. मी साक्षीदार आहे. साक्षीदाराने भरायच्या नमुन्यात 'तक्रारदाराशी संबंध' असा एक रकाना असतो. त्यापुढे काय लिहावं, हे मला अजून सुचलेलं नाही. बोलावणं येईपर्यंत मी खाली ग्रंथालयात बसेन.

काय बोलावं, कसं बोलावं, याबद्दल एक शब्दही सुचवणार नाही.

आता आपला प्रश्न. "ते वाक्य तुम्ही का खोडलंत?" मी पहिल्या पत्रात कारण दिलं होतं: समिती विचारील म्हणून. आपल्याला ते पटलं नाही, म्हणून आपण पुन्हा विचारलंत. दोन दिवस मी त्याच उत्तराला चिकटून होते. समितीतल्या माणसांची नावं मनात घेऊन पाहिली, यांतल्या कुणी असं विचारलं असतं, म्हणून. खरं तर कुणाचाही चेहरा नीट डोळ्यांपुढे आला नाही.

आपण समोर पाणी पीत होतात आणि मी वाचलं, "मी उठले नाही." तेव्हा माझ्याच मनात आलं होतं, अगं, मग उठायचंस ना. समितीच्या कुणी विचारण्याआधी मी विचारलं होतं. आपल्याविषयी आलेला पहिला संशय माझा होता. तो मला माझ्या नजरेसमोर नको होता, म्हणून मी आपलं वाक्य खोडलं.

ते पानावर अजून वाचता येतं. मी पेन्सिल फार दाबून फिरवली नव्हती.

उत्तराची अपेक्षा न ठेवता,

तक्रार समितीची माजी सचिव