हजेरीवहीवरचं कुंकू

बालाघाट,
१२ मे १९७४

प्रिय शालिकराम,

माझा जय भीम आणि तुझा रामराम एकाच ओळीत चालत असतील तर पुढे वाच. सोळा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, ही कोर्टाची नोटीस नाही. परवा तुझी ललिता स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "बाबानं सांगतलं, वकीलकाकाले हातातच देजो." हातातच दिली, सोबत अक्षतांची पुडी. पोरगी चहा पिऊन गेली आणि मी तासभर ती पुडी न उघडता उलटसुलट करत बसलो. बायकोला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. काय झालं होतं ते तुला सांगायचं आहे आणि एक गोष्ट विचारायचीही आहे.

आधी अनुसयाबाईचं सांगतो. तुमच्या खाणीनं कामावरून काढलेल्या अकरा माणसांत ती एकटी बाई होती, आठवत असेल. किरनापूरला लेकाकडे अंथरुणाला खिळली आहे. छातीत धूळ बसली आहे, डॉक्टरांनी हात टेकले. मागच्या आठवड्यात भेटायला गेलो तर दरसाल विचारते तेच विचारलं. "तो कागद कोनं पाठवला, तेवढं सांगा वकीलसाहेब. मंग मी जायले मोकळी." मला ठाऊक नाही असं मी म्हणालो आणि ते तेव्हा खरंच होतं. तिचे फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून पत्र घाईत लिहितो आहे.

तो सगळा मामला तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा ऐक. छप्पनच्या दसऱ्याला ही अकरा माणसं दीक्षेसाठी नागपूरला गेली. आदल्या संध्याकाळी पाळी संपवून गोंदियाची गाडी धरली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर हजर झाली. फाटक त्यांच्यासाठी बंद होतं. कंपनी म्हणाली, दसऱ्याला काम चालू होतं, हे न सांगता गैरहजर राहिले. आता दसऱ्याला आपल्याकडे कुणी सब्बल-पहार तरी उचलतं का? सब्बल, घमेली धुऊन त्यांना फुलं वाहतात. पण तसं सांगायला एकही गडी पुढे येईना, पोट सगळ्यांनाच आहे. आणि कंपनीनं हजेरीवही पुढे केली. त्या दिवशी सारी खाण हजर, फक्त हे अकरा नाहीत. वहीतलं अक्षर हजेरीबाबूचं, म्हणजे तुझं.

मी तेव्हा नवा वकील. कोट नवा आणि अक्कल त्याहून नवी. कामगारांच्या कोर्टात वकिलाला उभं राहू देईनात, म्हणून युनियननं मला कागदावर सेक्रेटरी करून टाकलं होतं. अठ्ठावन साल उजाडलं, जबलपूरच्या तारखेला आठ दिवस होते आणि माझ्या हातात काही नव्हतं. त्या सकाळी उंबऱ्यावर एक पुडी सापडली. जरा उघडली तर आत कुंकू. माझी माय ओरडली, "हात नोको लावू, कोनं तरी करनी केली हाये. वैनगंगेत टाकून ये." निघालो टाकायला. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. करणी लागली तरी चालेल, पण आत काय आहे ते कळायलाच हवं. नदीच्या वाटेवर आंब्याखाली बसून ती पूर्ण सोडली.

पुडीचा कागद म्हणजे हजेरीवहीच्या पानाचा फाडलेला कोपरा होता. चौदा ऑक्टोबर छप्पन ही तारीख, तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट. खाली कुणीतरी डाव्या हातानं लिहावं तशी वाकडी अक्षरं, "मागचे मस्टर मागवा." मी मागवले. आधीच्या पाच सालांचे मस्टर आले. प्रत्येकात दसऱ्याचं पान कोरं, त्यावर 'छुट्टी' लिहिलेलं आणि हळदीकुंकवाचा डाग. छप्पनचं पान तेवढं भरलेलं आणि धुतल्यासारखं स्वच्छ. मॅनेजर होता परमुलखातला. त्यानं दुसरी वही लिहून घेतली, पण दसऱ्याला इथं हजेरीवहीचीही पूजा होते हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग तू पिंजऱ्यात उभा राहिलास आणि मी तुझ्यावर तुटून पडलो. भर कोर्टात म्हणालो, हा माणूस पोटासाठी देवापुढची वहीसुद्धा बदलेल. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. जजसाहेबाकडे पाहून सावकाश म्हणालास, "छप्पनच्या दसऱ्याले पूजा मीच केलती, साहेब. पन ह्या वहीची नाही." तिथंच खटला संपला. अकराही जण कामावर परत गेले.

तुझी जीभ घसरली असं कंपनीनं धरलं. तुला हजेरीवरून काढून पार टोकाच्या गोदामात टाकलं, बढती कायमची थांबली. लोक तुला 'घसरेबाबू' म्हणू लागले. आणि मी काय केलं, तर उलटतपासणीत हजेरीबाबूची जीभ मी कशी घसरवली, ही गोष्ट रंगवून रंगवून सोळा वर्षं सांगितली. बाररूममध्ये सांगितली, सोयऱ्यांच्या जेवणावळीत सांगितली. बाजारात तू समोरून आलास की मी मान फिरवायचो. आज लिहितानाही कान गरम होतात.

पुढे माझी वकिली अशाच कज्ज्यांवर चालली. लग्न केलं म्हणून काढलेली नर्स सत्यभामा. एका राइस मिलमध्ये बाकीच्यांच्या मडक्यातलं पाणी प्यायला म्हणून हाकललेला फकिरा. सागाच्या ओंडक्यांवर खोटा शिक्का मारतात हे वरती कळवणारा डेपोचा चौकीदार महागू. महागूनं सही करून कळवलं होतं, त्याची नोकरी मी वाचवू शकलो नाही. तेव्हापासून एक नियम केला, निनावी कागद आला तर पाठवणाऱ्याचा माग काढायचा नाही. तुझा तो कोपरा मी त्या अकरा जणांखेरीज कुणाला दाखवला नाही, कोर्टातही नाही, तोही माणूस उघडा पडू नये म्हणूनच. पण खाज काही जात नव्हती. माझे सारे कज्जे त्या एका कागदानं सुरू झाले, आणि तो कुणाचा हे मलाच ठाऊक नाही.

परवा ललितानं पुडी दिली. दोरा नाही, शेवटचं टोक आतल्या घडीत खोचलेलं. शालिकराम, तुझ्या मामाचं किरनापूरचं दुकान मी विसरलेलो नाही. आम्हाला पायरी चढायची मनाई होती. फुटाणे पायरीवरून खाली टाकायचे, पुडी सुटायची आणि मी धुळीतून वेचायचो. मग तू ही घडी शोधून काढलीस, वरून टाकली तरी सुटू नये म्हणून. दहा वर्षांचा होतास. ती घडी दुसऱ्या कुणाला येत नाही, मलाही तू कधी शिकवली नाहीस.

मी जुनी फाईल काढली. कुंकवाच्या त्या कोपऱ्यावर घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. त्या रेषांवरून घडी घातली, टोक खोचलं आणि खात्री करायची म्हणून जिन्यावरून खाली टाकली. सुटली नाही. पायरीवर बसून मी रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

काहून सांगितलं नाहीस रे? नोकरीसाठी, भाऊबंदांसाठी, की घडीवरून मी तुला ओळखेन असं वाटलं होतं? मॅनेजरनं लिहायला लावलेली ती वही लिहिताना तू कुंकू विसरलास, की मुद्दाम लावलं नाहीस? पिंजऱ्यात माझ्या तोंडून ते ऐकताना तुला काय वाटलं असेल, हे मात्र विचारत नाही. माफ कर, एवढंच.

आता ज्यासाठी लिहिलं ते. अनुसयाबाई दरसाल कापणीनंतर माझ्याकडे पायलीभर चिन्नोर तांदूळ आणून देते. म्हणते, "ज्यानं कागद पाठवला त्याले द्या." पत्ता नव्हता, म्हणून सोळा वर्षं तुझा भात आम्हीच खाल्ला. या सालचा अर्धी पायली उरला आहे, त्याला हात लावायचा नाही असं बायकोला बजावलं आहे. तुझी नोकरी अजून चार वर्षं आहे आणि घरात लग्न आहे, म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी तोंड उघडणार नाही. बाईच्या कानात तेवढं तुझं नाव सांगू का? टपालानं उत्तर यायला वेळ लागेल. हो असेल तर हे पत्र घेऊन येणाऱ्याजवळ नुसती एक पुडी दे, तुझ्या घडीची, रिकामी असली तरी चालेल. ती आली की मी तसाच किरनापूरला जाईन. आणि तुझा तांदूळ घेऊन लग्नाला येईन, हातातच देईन.

तुझाच,
हिरालाल